माझ्या पलंगावरचे शिकाऊ पाळक

आदरणीय मामा,

लांबच्या भाच्याचा प्रभूच्या नावाने सलाम. मामींना सलाम, आणि तुमच्या गुडघ्यालाही सलाम, कारण घरून येणाऱ्या प्रत्येक बातमीत तुमच्या आधी तुमचा गुडघाच येतो. आता कसा आहे तो? जिना चढू देतो का? मामींचं डोकं अजून दुखतं की तुम्ही चर्च कमिटीच्या मीटिंगला गेलात की थांबतं? माझी तब्येत बरी आहे. हाताला वाफ लागली होती, ती जखम सुकली, नुसता डाग राहिलाय. आई चर्चमध्ये सगळ्यांना सांगते की मुलगा मोठ्या हॉटेलात आहे, म्हणून तुमच्यापुरतं स्पष्ट लिहितो. हॉटेल मोठं आहे हे खरं आहे, पण मी ते पाहिलेलं नाही. मी त्याच्या चादरी पाहिल्या आहेत. गाडी भरून आमच्या धुलाई कारखान्यात येतात, आम्ही धुतो, गरम रोलरमधून काढतो, घडी घालतो, गाडी भरून जातात. कोण त्यांच्यावर झोपतं, कसं झोपतं, सुखाने झोपतं की नाही, हे विचारायचं नाही. ही सवय मला पुढे फार उपयोगी पडली. कशी ते सांगतो.

पत्र लिहायचं कारण असं की फोन करायची सोय राहिलेली नाही. घरी फोन लावला की मेणबत्ती उचलतो. (आमच्याकडे चर्चने ठेवलेल्या दोघा शिकाऊ पाळकांपैकी जो उंच, पांढराफटक आहे आणि कुणी जोरात बोललं की थरथरतो, तो मेणबत्ती. दुसरा गिटार, कारण तो गिटार वाजवतो. खरी नावं आईने मला चांगली पाठ करून सांगितली, पण मी लक्षात ठेवली नाहीत. नाव लक्षात ठेवलं की माणूस मुक्कामाला राहतो.) तर हा मेणबत्ती मऊ आवाजात विचारतो, "दादा, आई जरा पडल्या आहेत, काही निरोप होता का?" आता मला सांगा, माझ्या आईसाठीचा निरोप मी याला द्यायचा, हा तो तिला सांगणार, मग दोघं मिळून त्याच्यावर प्रार्थना करणार. मागे एकदा मी नुसतं दाढ दुखते म्हणालो. ती दाढ रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर प्रार्थनेला घेतली. पुढे मी सुट्टीवर घरी गेलो तेव्हा आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याने साबण लावायच्या आधी माझं तोंड उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "फरक आहे की!" दाढेचं एक असू दे. त्याला माझं मुकादमाशी झालेलं भांडण माहीत होतं, मी कुणाशी लग्न करणार होतो आणि का केलं नाही हे माहीत होतं, आणि मी प्यायचं कमी केलंय यावर त्याचा विश्वास नव्हता. ज्या गावात माणसाचं तोंड त्याच्या आधी पोचतं, तिथे त्याने जायचंच कशाला?

हे सगळं तुमच्यापासून सुरू झालं मामा. रागावू नका, कौतुकाने लिहितो. (कौतुकाने लिहीत नाही.) तुम्ही कमिटीतले मोठे. तुम्ही उपासनेनंतर उभे राहिलात आणि म्हणालात की सेवेचं शिक्षण घेणारी दोन तरुण मुलं येताहेत, त्यांना नुसती खोली नको, घर हवं, चार माणसांत राहून माणसं कशी असतात ते त्यांना शिकू द्या. तर ज्यांच्या घरी रिकामी खोली असेल त्यांनी हात वर करा. बाबा सांगतात, तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत आईचा हात वर होता. बाबांचा हात खालीच होता, पण बाबांचा हात लग्नापासून कुणी मोजलेला नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की कुठली रिकामी खोली? माझे बूट पलंगाखाली होते. शर्ट खिळ्याला होता. माणूस कामाला बाहेर पडला की खोली रिकामी होते का? मग चर्चही सोमवारपासून शनिवारपर्यंत रिकामंच असतं, बाकं जोडून झोपवायचं होतं दोघांना. आणि तुमच्याकडे वरची खोली आहे की. तिच्यात मामींचं शिवणाचं मशीन आणि एक मोडका पंखा राहतात हे मला माहीत आहे. मशीनला जागा लागते, मी समजू शकतो. मशीन काही परगावी कामाला जात नाही.

सुट्टी मिळाली तेव्हा मी न कळवता गेलो. आई दार उघडेल, ओरडेल, पदराला डोळे पुसेल, असा माझा साधा हिशोब होता. दार मेणबत्तीने उघडलं. अंगात माझा स्वेटर. (त्याला थंडी बाधते, असं आईने नंतर सांगितलं. मला बाधत नाही, मी वाफेत राहतो.) त्याने अगदी अदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" मी म्हटलं, आई. तो म्हणाला, "कुणाची?" मामा, मी चार ठिकाणी कामं केलीत, चार ठिकाणचे अपमान पचवलेत, पण स्वतःच्या उंबऱ्यावर उभं राहून आई कुणाची याचा पुरावा देण्याची वेळ पहिलीच. मग त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "अरे, तुम्ही तर आमचा प्रार्थनेचा विषय!" असं म्हणून त्याने माझी बॅग घेतली, मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "संकोच करू नका हं दादा, घर आपलंच समजा." आणि आत तोंड करून हाक मारली, "आई, पाहुणे आलेत!" आई बाहेर आली. ओरडली, रडली, सगळं केलं, खोटं कशाला बोलू. पण ओरडताना मध्येच थांबली, तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हळू बोल रे, आत अभ्यास चाललाय."

अभ्यास! माझ्या खोलीत! तिथे आता टेबल आहे, मान वाकवता येणारा दिवा आहे, खिडकीला पडदा आहे. मी दंड कमवायला आणलेली लोखंडी वजनं आता जाड पुस्तकं पडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना लावली आहेत. एवढी वर्षं पडून होती, शेवटी देवाच्या कामी आली. मी शाळेत होतो तेव्हा याच घरात एका बाजूला बाबा कुलपं ठोकायचे (कुलपं दुरुस्त करणारा माणूस हळू ठोकू शकत नाही), दुसऱ्या बाजूला आईचं बोलणं, आणि मी मध्ये पालथा पडून पाढे म्हणायचो. तेव्हा कुणी कुणाच्या तोंडावर बोट ठेवलं नाही. आता सगळे म्हणतात, याला अभ्यासाची आवडच नव्हती. नव्हतीच, पण दिवा लावून एकदा बघायचं तरी. मला झोपायला पुढच्या खोलीत गादी घातली, फ्रिज आणि बाबांची हत्यारांची पेटी यांच्या मधोमध. आई म्हणाली, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. सकाळी दोघांच्या ताटलीत एकेक अंडं पडलं आणि मला तिने विचारलं, "तुला करू का रे अंडं?" हे तुम्हाला बारीक वाटेल. मला वाटलं नाही. घरच्या माणसाला वाढतात मामा. विचारतात ते पाहुण्याला.

आता मंगळवारचं सांगतो, कारण मी सुट्टी अर्धी टाकून का परत आलो याची चौकशी तुम्ही मामींकडून करवलीत असं कळलं. तुम्हाला ठाऊकच असेल (तुमच्याच कमिटीने ठरवलंय) की या मुलांनी घरच्या माणसांवर सराव करायचा असतो. शिकाऊ ड्रायव्हर रिकाम्या मैदानात गाडी फिरवतो, शिकाऊ पाळकाला मैदान म्हणून आमचं घर दिलंय. दर मंगळवारी बाबा आजारी पडतात. पलंगावर झोपतात, गिटार दारावर टकटक करून भेटीला येतो, उशाशी बसतो, हात हातात घेऊन विचारतो, कसं वाटतंय, मनात काही भीती आहे का, कुणाची आठवण येते का. सुरुवातीला बाबांना नुसता ताप होता. मग पाय मोडला. मग जुना, बरा न होणारा आजार झाला. अशी बाबांची बढती होत गेली. आई म्हणते बाबा या कामात फार रमलेत, सोमवारपासूनच खोकायला लागतात. मला हसू आलं, मग आलं नाही. त्या माणसाला आयुष्यात लोकांनी एकच गोष्ट विचारली, किल्ली कधी मिळेल.

त्या मंगळवारी मी सलूनमध्ये गेलो होतो, आणि येताना दुकानातून अंडी घेतली होती (माझी मीच). घराशी आलो तर दारात चपलांचा ढीग. दार उघडं. आत पुढच्या खोलीत माझी गादी गुंडाळून बाजूला सारलेली, मध्ये बाकडं, आणि बाकड्यावर बाबा, हात छातीवर, डोळे मिटलेले, गळ्यापर्यंत पांढरी चादर. पायाशी आई मान खाली घालून. शेजारच्या दोघी नाकाला रुमाल लावून. गिटार हळू हळू काहीतरी दुःखाचं वाजवतोय, आणि मेणबत्ती पुस्तक उघडून उभा, थरथरत. मामा, सकाळी हे बाबा माझ्याकडे बघून चहा प्यायले होते. माझ्या हातातली पिशवी गेली. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही, शेजारच्या दोघींना आठवतं आणि त्या सगळीकडे सांगतात. मी बाबांच्या अंगावर पडलो, त्यांना हलवलं, मला न सांगता कुठे चाललात म्हटलं, आणखी बरंच म्हटलं जे जिवंत बापाला कुणी म्हणत नाही. तेव्हा बाबांनी एक डोळा उघडला आणि मला ऐकू जाईल एवढंच म्हणाले, "थांब रे जरा, अजून शेवटची प्रार्थना राहिलीय."

अंत्यविधीचा सराव! आजारपणाचा धडा संपला होता, बाबांना शेवटची बढती मिळाली होती. मी जमिनीवर अंड्यांत बसलेलो, आणि आई म्हणते, "सगळं बिघडवलंस बघ. आता पहिल्यापासून करावं लागणार." गिटारने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मनापासून म्हणाला, "दादा, तुमचं रडणं इतकं खरं होतं ना!" शेजारच्या दोघींनीही मान डोलावली, त्यांना तेवढं जमत नव्हतं. मी उठलो, पँट पुसली. झालं ते झालं, आता निदान कामाला तरी येऊ, म्हणून विचारलं, मग मी कुठे उभा राहू? आई म्हणाली, "तू बस तिकडे बाजूला. यात मुलगा नाहीये." मी म्हटलं, का नाहीये? आईने गिटारकडे पाहिलं, गिटारने मेणबत्तीकडे. शेवटी मेणबत्ती थरथरत म्हणाला, "म्हणजे दादा, मुलगा लांब असतो, त्याला वेळेवर पोचता येत नाही, असं धरलंय. म्हणजे आईंना धीर द्यायचा सराव होतो."

असं कुणी धरलं, मी विचारलं. मेणबत्तीने पुस्तकात पाहिलं. आई चादरीचं टोक नीट करत बसली. नीटच होतं ते, मला चादरीतलं कळतं. बाबांना विचारावं तर बाबा पुन्हा मेले होते. मग न विचारायची ती चादरींची सवय उपयोगी पडली आणि मी खुर्चीवर बसलो, शेजारच्या दोघींच्या मागे, आणि माझ्या बापाचा अंत्यविधी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. चांगला झाला. गाणं चांगलं झालं. गिटारने आईला धरून उभं केलं, तिनेही त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि मेणबत्ती म्हणाला की या घरात आता आम्ही तुमची मुलं आहोत. ते पुस्तकात होतं की त्याने मनाने म्हटलं, मला माहीत नाही. आई रडली. तो सराव नव्हता, एवढं मलाही कळतं. सगळं झाल्यावर सर्वांनी चहा घेतला, बाबांनी दोन कप. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की कारखान्यातून बोलावणं आलंय, आणि निघालो. कुणी अडवलं नाही असं नाही. आईने अडवलं, पण हळू आवाजात. आत अभ्यास चालला होता.

तेव्हा मामा, माझी मागणी सरळ आहे. हे दोघे शिकून बाहेर पडले की नवी तुकडी आमच्याकडे पाठवू नका. तुम्ही उभे राहाल, विचाराल, आई हात वर करील. तुम्ही दुसरीकडे बघा. तुम्हाला ते जमतं. आणि माझी खोली मला परत करा. मी तिथे राहायला येणार आहे असं मुळीच नाही. मला इथे कामातून मान वर करायला वेळ नाही, मुकादम माझ्यावर खूश आहे, मित्र आहेत, गाव मोठं आहे, तिकडे यायचं माझ्या मनातही नाही. पण माझी खोली माझी म्हणून रिकामी राहायला हवी. येणार नाही त्या माणसाचीसुद्धा एक खोली असते. मामींना सलाम सांगा. गुडघ्याला शेक द्या. कमिटीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, तुमच्याकडे शब्दांना कमी नाही.

आपला,
भाचा आणि प्रार्थनेचा विषय

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. (राहिली नाही, मीच लिहीत नव्हतो.) बसपर्यंत बाबा माझी बॅग घेऊन आले. बस लागल्यावर म्हणाले, "तू गेल्यावर तिने त्या खोलीला कुलूप घातलं होतं. झाडायलासुद्धा उघडायची नाही. मी कुलपाचा माणूस, पण मला किल्ली दिली नाही." मग बसच्या चाकाकडे बघत म्हणाले, "त्या पोरांसाठी म्हणून काढलं ते कुलूप. बरं झालं. हवा लागली." तेवढ्यात बस सुटली. पण मामा, ही गोष्ट मला कुणी फोनवर का सांगितली नाही? निरोप तर सगळे घेत होते.

दुसरा ता. क. मुकादम माझ्यावर खूश आहे असं वर लिहिलंय ते खरं आहे. मी गेलो म्हणून तो खूश आहे. सुट्टी बाकी असताना आलेलं पाहून त्याने सगळ्यांसमोर विचारलं, लवकर कसा आलास रे, घरी कुणी नाही का तुझं? त्याला मी जे उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि ते देताना माझ्या हातात ओल्या चादरींचा गठ्ठा होता, तो मग माझ्या हातात राहिला नाही. सध्या मी एका दोस्ताच्या खोलीत जमिनीवर झोपतो. हे आईला कळता कामा नये, कारण तिने गेल्याच महिन्यात चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली की देवाने मुलाचा पाय एका जागी स्थिर केला. आता मी जाऊन उभा राहिलो तर तिची साक्ष खोटी पडते आणि देवाचंही नाव जातं.

तिसरा ता. क. म्हणून एक विचार सुचला. वरची मागणी रद्द समजा. नवी तुकडी आमच्याकडेच पाठवा, पण तिच्यात मला घाला. कमिटीचे मोठे तुम्ही, तुम्हाला कोण विचारतंय? मी गुडघे टेकून बसू शकतो, डोळे मिटून बसू शकतो, पहाटे उठायची सवय आहे. शिक्षण होईल तेवढं होईल, नाही झालं तर तुम्ही म्हणाल देवाची इच्छा. काम सुटलं असं न सांगता सेवेसाठी सोडलं असं सांगता येईल, म्हणजे साक्षही टिकली. मेणबत्ती आणि गिटार यांना घालवायची गरज नाही. पलंग त्यांचा, मी खाली झोपेन. आणि मंगळवारी बाबांकडे त्यांनीच जावं. मला बाबांना काय विचारायचं ते सुचणार नाही, मी कोपऱ्यात बसून ऐकेन.

शेवटचा ता. क. हे पत्र कुणाला वाचून दाखवू नका, मामींना तर नाहीच. तुम्ही फक्त सहज गेल्यासारखं आईकडे जा आणि विचारा, ताई, आणखी एक पोरगा मावेल का तुझ्याकडे? कोण ते सांगू नका. ती काय म्हणते ते जसंच्या तसं ऐकून ठेवा. कोण, कुठला, काहीही न विचारता ती हो म्हणाली तर मला फार वाईट वाटेल, कारण तो हो कुणालाही मिळाला असता. आणि तिने आधी विचार करते म्हटलं तर काय वाटेल ते मी अजून ठरवलेलं नाही. काहीही म्हणाली तरी तिकीट काढून झालंय. पत्र टाकून मी त्याच गाडीने निघतोय, त्यामुळे दोघंही एकदमच पोचू. तेव्हा गुडघ्याचं काय ते नंतर बघा, आधी जाऊन विचारा.